बांगडी वाढली म्हणून आम्ही रोह्याला गेलो

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला शाळेतही नीट कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव घालण्यापुरतं. तेव्हा हे कुणाच्या हाती पडलंच, तर तिने चुका सांभाळून घ्याव्यात.

रोह्याहून आल्यावर गटातल्या सगळ्याजणी विचारत होत्या, काय झालं गो, काय झालं. सांगायचं काम मंदाताईने केलं. ती बोलायला लागली की मला मध्ये शिरता येत नाही, आणि जागा मिळाली तरी माझ्या तोंडून शब्द निघत नाही. म्हणून मला दिसलं तसं लिहून ठेवते. रोहा आमच्या गावापासून लांब नाही. पण कंपनीच्या दाराच्या आत आमच्यातली कुणीच गेली नव्हती.

आमचं गाव गागोद्याच्या पुढे आहे. भात होतो, भातानंतर वाल होतो, आणि उन्हं चढली की आम्ही बायका पोह्याचे पापड लाटतो. पूर्वी घरोघरी लाटायचो आणि पेणच्या बाजारात दुकानदाराला द्यायचो. तो वजन करायचा, पैसे द्यायचा, संपलं. मग मंदाताईने गट केला. ती आमची अध्यक्ष. रोह्याची एक कंपनी परदेशात पापड पाठवते, तिच्याशी तिने बोलणं केलं. परदेशी माल द्यायचा तर ओसरीवर लाटून चालत नाही. फरशीची खोली पाहिजे, खिडक्यांना जाळी पाहिजे, हात धुवायला नळ पाहिजे. तेवढे पैसे आमच्याकडे कुठले? कंपनीनेच उचल दिली. पापड देत जायचं आणि त्यातून ती थोडीथोडी फेडायची, असं ठरलं. खोली झाली. पहिला मोठा माल गेला.

आणि मग कंपनीचा फोन आला, की माल अडकला आहे. मशीनने धरला आहे. पापडात काहीतरी सापडलं. ते कुठून आलं त्याचं कारण मिळालं नाही तर सगळा माल टाकून देणार, तुमच्या गटाचं नाव काढून टाकणार, आणि उचल एकदम परत करावी लागेल. अध्यक्ष आणि लाटणाऱ्यांपैकी एक, अशा दोघींनी या.

लाटणाऱ्यांपैकी शेवंताकाकू जाणार होती. पण तिची म्हैस व्यायला झाली. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत मंदाताईने सांगून टाकलं, "कुसुम येईल. ती कायच बोलत नाय, ते बरं. बोलायला मी हायच."

पेण ते रोहा

गावातून टमटमने पेणला आलो. स्टेशन गावाच्या बाहेर पडतं, तिथे पुन्हा रिक्षा. रिक्षावाल्याने मंदाताईला विचारलं, "कुठं निघालात, लग्नाला?" मंदाताईने नवी साडी नेसली होती. ती म्हणाली, "आमच्या पापडाला एक्सरे काढलाय, बघायला चाललो." रिक्षावाल्याला वाटलं ती चेष्टा करते. तो हसला. आम्ही काही हसलो नाही.

गाडीत बसायला जागा मिळाली. कासू गेलं, नागोठणं गेलं. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं, आणि त्यात वालाचे हिरवे वाफे. मला बरं वाटलं. घर सोडून इकडे येऊनही शेत आपल्यासारखंच दिसत होतं. निडीला गाडी बराच वेळ उभी राहिली. तिथे एक म्हातारी वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन चढली आणि माझ्या पायाशी बसली. मंदाताईने लगेच गाठोड्यात हात घातला.

"काय भाव, आजी?"

"बाजारात गेल्यावर भाव. गाडीत बघायचे नुसते."

"मग गाठोडं झाक तरी. बघून भूक लागली."

म्हातारीला हे आवडलं असावं. रोहा येईपर्यंत तिने अर्ध्या शेंगा आम्हाला दिल्या आणि पैसेही व्यवस्थित घेतले. आम्ही मंदाताईची नणंद पुष्पाताई हिच्याकडे उतरणार होतो. तिला द्यायला शेंगा झाल्या.

कंपनीत

कंपनीच्या दाराशी पहिली फजिती माझीच झाली. आत जायच्या पायरीपाशी मी सवयीने चपला काढल्या आणि अनवाणी निघाले. वॉचमन धावत आला.

"ओ मावशी, चपला काढलात तर हे बूट घाला."

"आत पापड हायत ना?" मंदाताईने विचारलं. तीही अनवाणीच होती.

"हायत की."

"मग पायताण घालून कशी जाऊ? अन्न हाय ते."

"आणि तुम्ही पायताण न घालता गेलात तर साहेब मला घरी पाठवील."

शेवटी पांढरे रबरी बूट घातले. आमच्याकडे चप्पल बाहेर काढते ती स्वच्छ बाई. तिथे बूट घालते ती स्वच्छ बाई. डोक्याला कागदाची टोपी दिली, केस दिसता कामा नये म्हणून. मी टोपी घातली आणि त्यावरून पदर घेतला. तर पदर आत खोचायला लावला. परक्या पुरुषांसमोर डोक्यावर नुसती टोपी! मी सगळा वेळ भिंतीच्या बाजूने चालले.

तिथे आम्हाला लता मॅडम भेटल्या. त्या मालाची तपासणी करतात. मूळच्या केरळच्या. हिंदी बोलतात, आणि मराठी शिकताहेत. माल पाठवायच्या आधी त्या आमच्या गावातही येऊन गेल्या होत्या. तेव्हा त्यांनी खोली बघितली, नळ सोडून बघितला, आणि आमच्या हातातल्या काचेच्या बांगड्या बघून कपाळाला हात लावला होता. नियमात बांगडी चालत नाही म्हणाल्या. मंदाताई म्हणाली, मोकळ्या हातांनी आम्ही अन्नाला हात लावत नाय. पुष्कळ बोलणं झालं आणि शेवटी मनगटापर्यंत घट्ट बसणाऱ्या कापडी बाह्या घालायच्या ठरल्या. तेही त्या "माझ्या जबाबदारीवर" म्हणाल्या होत्या. हे पुढे महत्त्वाचं आहे म्हणून लिहिते.

मॅडमनी आम्हाला मशीन दाखवलं. पट्ट्यावरून पापडांची पाकिटं सरकत एका पेटीत शिरतात आणि दुसरीकडून निघतात. वर टीव्हीसारखा पडदा. त्यात पापड दिसत नाहीत, नुसत्या करड्या सावल्या दिसतात. आत लोखंड, खडा, काच काही असलं तर काळा ठिपका येतो आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. मॅडमनी आमचंच एक पाकीट त्यातून घातलं. ते सरळ निघून गेलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी एक छोटी डबी उघडली. आत डाळीच्या कणीएवढा तुकडा होता. पिठाने माखून पिवळट झालेला, पण एका कडेने हिरवा.

"मिरचीचं साल असंल," मंदाताई म्हणाली.

मॅडमनी तो तुकडा चिमट्याने उचलून स्टीलच्या ताटलीत टाकला. टिक असा आवाज आला. "मिर्ची ऐसा आवाज नहीं करती, ताई."

काच होती. मंदाताईचा चेहरा उतरला. मॅडम एकेक विचारत गेल्या. खोलीत काचेची बाटली आहे का? नाय. खिडकीला काच? नाय, जाळी हाय. दिव्याला झाकण आहे का? तुमीच सांगितलं होतं, लावलं.

"चूडी? किसी की चूडी टूटी थी?"

"नाय!" मंदाताई एकदम म्हणाली. "असं कायतरी बोलू नका. आमच्यात कुणाची नाय फुटली."

मॅडमनी मान हलवली. गावात आल्या होत्या तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं आणि त्यांच्या कागदावर नाही असंच लिहिलेलं होतं. मग दुसरीकडून कुठून आली? पोह्यांच्या गिरणीतून? पॅकिंगमध्ये? कारण सापडत नसेल तर कुठलं पाकीट चांगलं, कुठलं वाईट हे सांगता येणार नाही, आणि मग सगळाच माल टाकावा लागेल.

त्या तुकड्याचा हिरवा रंग मी ओळखला होता. तो वंदनाच्या चुड्याचा होता. वंदना आमच्या गावात त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. मॅडम गावात यायच्या आदल्याच दिवशी, बाह्या यायच्या आधी, लाटता लाटता तिचा हात पोळपाटाच्या कडेवर आपटला आणि एक बांगडी गेली. मंदाताईने तुकडे वेचले, पाट झाडला, जवळच्या सगळ्या लाट्या टाकून दिल्या. तरी एक कण राहिला असणार.

पण मी काही बोलले नाही. मला वाटलं, मंदाताईने मॅडमना तेव्हाच सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते. तरी दोघीजणी असं का बोलताहेत?

दुपारी कँटीनमध्ये जेवलो. मॅडमही आमच्याच बाकावर बसल्या. मोठ्या हुद्द्याची बाई आमच्याबरोबर बसली म्हणून मी अंग चोरून बसले. त्यांनी स्वतः डाव उचलला आणि मला म्हणाल्या, "मला मराठी येते. भात वाढू? डाल वाढू?" कँटीनमधल्या बायकांनी त्यांना तेवढं शिकवलं होतं. त्यांच्या आईच्या हातचे पापड उडदाचे असतात आणि तळले की पुरीसारखे फुगतात, असं त्यांनी सांगितलं. आमचे पोह्याचे त्यांना जास्त आवडतात म्हणाल्या. ते आमचं मन राखायला असेल, पण पापड त्यांनी दोनदा घेतला.

मंदाताईने त्यांना एक विचारलं, ते मलाही विचारायचं होतं. "मॅडम, परदेशातल्या लोकांनाच काच टोचते का? पेणला इतकी वर्षं आमचे पापड खातात, तिथं कुणी एक्सरे नाय काढला."

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नियम आता दोन्हीकडे एकच आहे. सगळ्या देशांनी मिळून ठरवलेलं एक पुस्तक आहे आणि आपल्या सरकारचे नियमही त्याच्याशी जुळवत आणले आहेत. फरक एवढाच की तिकडचा माणूस मशीन मागतो. पेणचा माणूस तुम्हाला ओळखतो, म्हणून मागत नाही. "तो तुमच्या भरोशावर खातो," असं म्हणाल्या. मंदाताईने ताटातला पापड उलटून बघितला. मला तर पेणच्या बाजारातली, पापडांच्या दुकानापुढे आईचा हात धरून उभी असलेली पोरं डोळ्यांसमोर आली.

पुष्पाताईकडे पोपटी

संध्याकाळी पुष्पाताईने आम्ही आलो म्हणून पोपटी लावली. घरामागच्या मोकळ्या जागेत मडकं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर निडीच्या म्हातारीच्या शेंगा, बटाटे, अंडी, मिठाचा हात, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती गवत-काटक्या पेटवल्या. आमच्याकडेही पोपटी अशीच लावतात, पण आम्ही ओवा टाकतो, पुष्पाताई टाकत नाही. मंदाताईने ते लगेच बोलून दाखवलं.

"ओव्याबिगर पोपटी म्हणजे नुसतं शेकलेलं."

"मग पेणला जाऊन खा," पुष्पाताई म्हणाली. "दर वर्षी हेच ऐकते आणि दर वर्षी मडकं रिकामं होतंय."

धूर डोळ्यांत जात होता. मंदाताई काठीने निखारे सारता सारता कंपनीवर चिडत होती.

"मी त्या मॅडमला गावात सरळ सांगितलं होतं. कुणाची फुटली नाय, एकीची वाढली तेवढी. मी लगेच पाट झाडला, लाट्या टाकल्या, ते पण सांगितलं. ती म्हणाली ठीक, आणि लिहून घेतलं. आता परत काय विचारते? आणि मी काय सांगू? वंदनाचा नवरा टँकर घेऊन घाटात असतो. त्या पोरीचं नाव घेऊन मी माझ्या तोंडाने फुटली म्हणू?"

"नको गो बाई," पुष्पाताई म्हणाली आणि तिने आपल्या मनगटावरून हात फिरवला.

मडकं उलटलं. शेंगांचा आणि पाल्याचा वास सुटला. पुष्पाताईने पत्रावळी मांडल्या आणि मला म्हणाली, "कुसुम, तुला वाढते गो. शेंगा वाढू का अंडं वाढू?"

माझा हात तसाच पुढे राहिला.

दुपारी मॅडमनीही हेच विचारलं होतं, भात वाढू का. त्यांना वाढणं म्हणजे पानात घालणं एवढंच ठाऊक. नाहीतर हिंदीतल्यासारखं, जास्त होणं. एकीची बांगडी वाढली हे ऐकून त्यांनी काय समजून घेतलं असेल? एकीने हातभर बांगड्या घातल्यात, नाहीतर एकीने नव्या घेतल्यात. पाट झाडला, लाट्या टाकल्या ही तर त्यांना रोजची साफसफाईच वाटली असेल. मंदाताईने खरं तेच सांगितलं होतं आणि मॅडमनी खरं तेच लिहिलं होतं. शब्द मात्र मध्येच राहून गेला.

मी मंदाताईला सांगायला गेले. तिच्या तोंडात बटाटा होता. ती म्हणाली, "असं कसं? वाढली हे कुणालापण कळतंय." आणि तिने ओव्याचा विषय पुन्हा काढला.

दुसरा दिवस

सकाळी कंपनीत गेलो. या वेळी बूट मी आपणहून घातले. मॅडमच्या खोलीत एक साहेबही बसले होते. त्यांनी कागद पुढे केला. कारण सापडलेलं नाही, माल टाकायचा, पुढची खरेदी बंद, असं त्यावर होतं. मंदाताईने सही करायची होती. ती खुर्चीत ताठ बसली होती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला असं मी कधी बघितलं नव्हतं. गावात आमची नवी खोली, जाळीच्या खिडक्या, नळ, सगळं माझ्यापुढे उभं राहिलं. आणि पुन्हा ओसरीवर बसून दुकानदार देईल ते घेणाऱ्या आम्ही.

मंदाताईने पेन उचललं.

"मॅडम," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली रबरी बुटांकडे बघत बोलले. "तुमी वाढली म्हणजे काय समजलात?"

"वाढली? खाना देना," मॅडम म्हणाल्या. "या ज्यादा होना."

"बांगडीला आम्ही फुटली म्हणत नाय. वाढली म्हणतो. मंदाताईने तुमाला सांगितलं होतं, एकीची वाढली. म्हणजे..." मला पुढचा शब्द येईना. आयुष्यात तो शब्द मी कुणाच्या बांगडीला लावला नव्हता. "वाढली म्हणजे फुटली."

"कुसुम!" मंदाताई ओरडली. "तोंडातून काय काढतेस गो!"

"ज्या पोरीची वाढली तिचं नाव मी सांगणार नाय," मी म्हणाले. "दिवस सांगते."

मॅडमना अजून कळलं नव्हतं की एका बांगडीच्या शब्दावरून एवढं काय. म्हणून मला तेही सांगावं लागलं. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात. म्हणून जित्या नवऱ्याच्या बाईची बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. साहेब मराठी होते. ते हळूच म्हणाले, "खरं आहे. माझी आईही असंच म्हणते. मला सुचलंच नाही."

मॅडमनी आपल्या गळ्यापाशी बोट नेलं. गळा रिकामा होता, पण बारीक साखळीचा वळ दिसत होता. म्हणाल्या, "माझी ताली, आमचं मंगळसूत्र, रोज इथे लॉकरमध्ये ठेवते. पहले दिन बहुत रोयी थी. आईला अजून सांगितलं नाही."

मग मंदाताईने पेन खाली ठेवलं आणि स्वतःच सगळं सांगितलं. कुठे बसलो होतो, काय झाडलं, किती लाट्या टाकल्या. आमच्या प्रत्येक पाकिटावर कुठल्या दिवशीचे पापड ते घातलेलं असतं. ज्या पाकिटात काच निघाली ते बरोबर त्याच दिवसाचं होतं. मग साहेबांनी आधीचा कागद फाडला. कारण सापडलं की नियम वेगळा आहे. त्या एका दिवसाचे पापड टाकायचे. बाकीचे दिवस पुन्हा मशीनमधून काढायचे आणि चांगले निघाले तर जाऊ द्यायचे. आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार ते गटाने सांगायचं.

दुपारपर्यंत पाकिटं पट्ट्यावरून जात होती. आम्ही काचेबाहेर उभ्या होतो. एकेक पाकीट पेटीत शिरलं की मंदाताई माझं मनगट दाबायची. पट्टा एकदाही थांबला नाही.

त्या दिवसाचे पापड मात्र वेगळ्या पिंपात घालून जाळायला नेले. गुरांना तरी द्या म्हणावं असं मनात आलं, पण काच गुरांनाही नको. मंदाताईने पिंपाला हात लावून नमस्कार केला. मॅडमनी पिंप नेणाऱ्या माणसाला थोडं थांबायला सांगितलं.

निघताना मॅडमनी त्यांचा प्रश्नांचा छापील कागद काढला. कुठल्याही गटात गेल्या की त्या तोच वाचून विचारतात. बांगडीच्या प्रश्नापुढे रिकामी जागा होती. "इथे तुम्ही लिहा. मराठीत. म्हणजे पुढच्या वेळी मी हाच शब्द विचारेन." मी नको नको म्हणाले. माझं अक्षर असं. पण त्यांनी पेन हातात दिलंच. मी लिहिलं, वाढली का. मंदाताई वाकून बघत होती. म्हणाली, "ली दीर्घ पाहिजे गो." मग मी वेलांटी फिरवली.

रोह्याचा बाजार

गाडीला वेळ होता. कंपनीतून बाजारात आलो. भांड्यांच्या दुकानापुढे मंदाताई थांबली.

"घरी जाऊन वंदनाच्या सासूला काय सांगू?"

"सांग, वाढली म्हणून," मी म्हणाले.

ती इतकी हसली, की दुकानदार बाहेर आला. आम्ही एक झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. वाटेत आमचं ठरलं होतं ते असं. ज्यांच्या बांगड्या साबणाने निघतात त्यांनी त्या खोलीच्या दाराशी देवाच्या फळीवर डब्यात काढून ठेवायच्या, हळदकुंकू लावायचं, मग आत जायचं. काम झालं की पुन्हा भरायच्या. ज्यांचा नवा चुडा घट्ट आहे त्यांनी लाटायला बसायचं नाही. त्यांनी बाहेर पाकिटांना चिठ्ठ्या लावायच्या. आणि पेणच्या बाजारात जाणाऱ्या पापडांनाही हेच. शेवटचं माझं होतं.

दुकानदाराने विचारलं, "डब्यावर नाव घालू?"

"बांगड्या असं घाला," मंदाताई म्हणाली. "नायतर उद्या कोणतरी त्यात मेथ्या भरील."

परत आल्यावर

वंदनाची सासू पहिले दोन दिवस बोलली नाही. देवाच्या फळीवर बायकांच्या बांगड्या काढून ठेवायच्या हे तिला पटेना. मंदाताईने तिला मॅडमच्या गळ्यावरच्या वळाचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतः खोलीच्या दाराशी आली, साबण लावून आपल्या बांगड्या उतरवल्या, डब्यात ठेवल्या आणि पाटावर बसली. म्हणाली, "बघता काय, लाट्या द्या." वंदना चिठ्ठ्या लावते. पुढे तिचा चुडा सैल झाला तशी तीही आत यायला लागली.

मॅडम पुन्हा एकदा येऊन गेल्या. कागद धरून त्यांनी स्वच्छ विचारलं, "कुणाची बांगडी वाढली का?" सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, नाय. तेव्हा ते नाय खरोखर नाय होतं.

माल जात राहिला. जळालेल्या दिवसाचे पैसे गेले ते गेले, त्यामुळे उचल फिटायला एक हंगाम जास्त लागला.

परवा आम्ही लाटत होतो. मंदाताई बँकेत गेली होती. ती रस्त्यावरूनच ओरडत आली, "फिटली गो, फिटली!" आत पीठ मळायच्या यंत्राचा आवाज. वंदनाच्या हातातलं लाटणं पडलं. तिने आधी आपल्या मनगटांकडे बघितलं, ती मोकळी होती. मग दाराशी धावली आणि डबा उघडून बांगड्या बघायला लागली. तिच्या मागोमाग तिची सासू, तिच्या मागे आम्ही सगळ्या.

"कुणाची?" सासूने विचारलं. "कुणाची फुटली?"

मंदाताई दारात धापा टाकत उभी होती. "अगो, फुटली नाय! फिटली! कंपनीची उचल. सगळीच्या सगळी फिटली."